पाणीपट्टी, आणि तिची शेपटी

परत वाढली पाणीपट्टी. सोसायटीचं मेन्टेनन्स बिल हातात आलं की आधी तीच लाईन बघतो मी, आणि दरवर्षी तेच, "थोडीशीच वाढ आहे हो, महागाई बघा ना" असं सेक्रेटरीकाका म्हणणार, जणू महागाई फक्त नळालाच लागते, माझ्या पगाराला तिचा पत्ताच सापडत नाही.

मुंबईच्या आत्तेभावाला फोन केला, म्हटलं जरा रडून घेऊ, तर तो म्हणे आमच्याकडे 2012 पासून दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत वाढ करायची सोयच करून ठेवलीय. 8 टक्के ऐकायला काय, किरकोळ वाटतं. पण हे व्याजावर व्याज असतं राव, दरवर्षी पूर्ण 8 लावले तर 9 वर्षांत बिल डबल! आमची एफडी कधी झालीय का 9 वर्षांत डबल?

आणि खरी गंमत सांडपाण्याची. तो आकार वेगळा ठरवायचाच नाही, पाण्याच्या बिलाच्या टक्क्यात लावायचा, त्याच्याकडे 70 टक्के. म्हणजे पाणी वाढलं की गटार आपोआप वाढलं, त्यासाठी वेगळी बोंब मारायची सोय पण नाही.

मान्य आहे, पंपाची वीज महागते, क्लोरीन महागतं, पगार वाढतात. पण मग पाणी येण्याची वेळ पण वाढवा की! आमच्याकडे पहाटे साडेपाचला पाऊण तास, ते पण करंगळीएवढी धार, आणि उरलेल्याला टँकर, त्याचे पैसे परत वेगळे. आई अजून बादलीत पाणी साठवते आणि मी गॅलरीत बसून टक्केवारी काढतोय.