न पाहिलेल्या बादलीचं गुणगान

फ्रीलान्स प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन, म्हणजे ऑनलाइन विकायच्या वस्तूंची वर्णनं, लिहायला बसताय? मग पहिलं पथ्य पाळा: वस्तू डोळ्यांनी पाहू नका. पाहिलीत की तिची कडी डुगडुगते हे कळतं आणि 'मजबूत पकड' लिहिताना हात अडखळतो. क्लायंट शहाणा असतो, तो तुम्हाला या मोहापासून लांबच ठेवतो. फक्त एक एक्सेल शीट येते. ४० ओळी, ४० बादल्या, फरक रंगाचा. खाली सूचना: प्रत्येक मजकूर वेगळा हवा, कॉपी-पेस्ट चालणार नाही.

निळीला समुद्राची शांतता द्या, राखाडीला आधुनिक अभिरुची. तेविसाव्या बादलीपाशी भाषा संपते. घाबरू नका, सगळ्यांची संपते. तिथून पुढे 'प्रीमियम' आहेच.

शंका मात्र विचारू नका. उंचीच्या रकान्यात नुसतं '३०' असतं. सेंटिमीटर की इंच? ३० इंच म्हणजे जवळपास ७६ सेंटिमीटर, त्यात लहान मूल उभं राहील. विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "तुम्ही रायटर ना? छान काहीतरी लिहा."

बादल्या संपल्या की स्पीकर येतात. शीटमध्ये 'आयपीएक्स ४' असतं, म्हणजे अंगावर उडालेलं पाणी सोसणारा. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरायला आयपीएक्स ७ लागतं. पण क्लायंट म्हणतो, "वॉटरप्रूफ जास्त सर्च होतं हो!" मग लिहून टाका. स्पीकरसकट पोहायला उतरलेला माणूस रिव्ह्यूत तुम्हाला थोडाच शिव्या घालणार? (घालतो. नाव ठाऊक नसल्यामुळे मोघम घालतो.)

शब्दावर पैसे मिळतात म्हणून लांबण लावाल, तर मर्यादा ५० शब्दांची. त्यातले निम्मे शब्द कीवर्ड खातात, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द. 'बेस्ट बकेट फॉर बाथरूम विथ हँडल' हे तीनदा आलं पाहिजे आणि सहज आल्यासारखं वाटलंही पाहिजे.

मग फर्मान सुटतं: "थोडं पंची करा." म्हणजे काय, हे त्यांनाही सांगता येत नाही. तुम्ही चार वेळा बदला. माझा तर एकदा चौथ्या फेरीत पहिलाच ड्राफ्ट पास झाला, "आता कसं जमलं!" या शेऱ्यासह.

बिल पाठवताना ही सगळी कला गुंडाळून ठेवा. तिथे आकडा आणि तारीख पुरे. उत्तर येईल, "अकाउंट्सकडे पाठवलंय." दोनच शब्द, एकही विशेषण नाही, आणि वस्तू पुन्हा कुणीच पाहिलेली नाही.