हॉस्टेलनं पोरं बिघडतात म्हणे!

इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की दरवर्षी हा मेसेज फिरतो. यंदा तो मावशीच्या घरात पोचला आणि तिच्या नातीचं साताऱ्यातलं हॉस्टेल रद्द करून दहिवडीहून एसटीनं अप-डाऊन करायचं घाटतंय. मेसेज असा: घरून जाऊन-येऊन करणारीच पोरं मेरिटमध्ये येतात, हॉस्टेलवर संस्कार राहत नाहीत, रूम पार्टनर वाट लावतो, मेसच्या जेवणानं बुद्धी मंद होते, मुलींना तर बाहेर ठेवूच नका. खाली 'एका अनुभवी प्राध्यापकांचे बोल'. नाव-गाव काही नाही.

संस्कारांचं आधी उरकू. हा मेसेज साताऱ्यात फिरतो म्हणजे कमाल आहे. कर्मवीर भाऊरावांनी 1924 साली याच गावात सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग काढलं, पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या बोर्डिंगात शिकलेल्यांचे नातूच आता हे फॉरवर्ड करत असतील.

आता अप-डाऊन. दहिवडी-सातारा साठ-पासष्ट किलोमीटर. पुसेगाव, कोरेगाव करत एसटीला दोन तास धरा, स्टँडवर ताटकळणं वेगळं. रोजचे साडेचार तास, सहा दिवसांचे 27. इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल पाचला सुटलं तर घरी साडेसात. जेवण, भांडी (मुलगी म्हटल्यावर ती आलीच), साडेनऊला पुस्तक उघडायचं आणि पहाटे पाचला उठायचं. सकाळची गाडी हुकली की पहिलं लेक्चर बुडालं आणि 75 टक्के हजेरीची बोंब. प्रॅक्टिकलची बॅच चुकली तर तो प्रयोग जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) चेक होत नाही, जर्नल अपुरं म्हणून सबमिशन अडतं, आणि टर्म वर्कचे मार्क तिथंच जातात. 'बसमध्ये वाचेल की' म्हणणाऱ्यांनी वर्धनगडच्या घाटात उभं राहून मॅथ्सचं एक गणित सोडवून दाखवावं. पासाला 66.67 टक्के सवलत आहे, मान्य. तास कुणी परत देत नाही. घर कोरेगावात असतं तर मी काही बोलले नसते. पाऊण तासाच्या आत घर असेल तर खुशाल घरून जा.

'मेरिटमध्ये घरचीच' हे मोजलं कुणी? हॉस्टेलच्या जागा बहुतेक ठिकाणी मार्कांवरच मिळतात, म्हणजे तिथं हुशार पोरं आधीच गोळा झालेली. कॉलेजच्याच गावात राहणाऱ्या पोराकडे स्वतःची खोली नि क्लास. नुसते निकाल शेजारी ठेवून राहण्याचा परिणाम कसा कळणार?

रूम पार्टनरचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करावं लागतं. अमेरिकेत केंटकीतल्या बेरिया कॉलेजात पार्टनर चिठ्ठी टाकल्यासारखे नेमले जातात, त्यामुळे तुलना चोख होते. राल्फ आणि टॉड स्टाइनब्रिकनर यांचा 2008 चा अभ्यास सांगतो की ज्यांच्या पार्टनरनं व्हिडिओ गेम आणला, त्यांचा अभ्यास रोज साधारण 40 मिनिटांनी घटला आणि पहिल्या सेमिस्टरचा जीपीए 4 पैकी जवळजवळ पाव गुणानं उतरला. नुसत्या चाळीस मिनिटांनी! आता दहिवडीचे साडेचार तास यावर ताडून बघा.

तेव्हा खोली बघताना भाड्याआधी पार्टनर विचारा. कॉट बेसिसवर दहा बाय दहाच्या खोलीत तिघी असतील आणि एक स्पर्धा परीक्षेवाली पहाटे चारला दिवा लावत असेल, तर बाकीच्या दोघी लेक्चरला पेंगणार. प्रत्येक कॉटपाशी प्लग आहे का, टेबल लॅम्प चालतो का, अभ्यासिका रात्री कितीपर्यंत उघडी असते आणि तिथून परत यायचा रस्ता कसा आहे, हे जाऊन बघा.

मेसच्या उसळीत सोडा मारतात आणि त्यानं बी-1 जीवनसत्त्व कमी होतं, एवढं खरं. बुद्धीबिद्धी मंद होत नाही. अडचण नाश्त्याची असते. बऱ्याच मेस दोन वेळचंच जेवण देतात. खोलीत शेंगदाणे-गूळ ठेवा, विषय मिटला.

मुलींचं म्हणाल तर 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींची, कॅपमधून प्रवेश असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. उरतो राहण्या-जेवणाचा खर्च. त्यासाठी शासकीय वसतिगृहं आहेत, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलींना वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधार योजना आहे. मावशीला सांगितलंय, उत्पन्नाचा दाखला या आठवड्यातच तहसीलमधून काढ आणि हॉस्टेलचा फॉर्म रद्द करू नकोस. यादी एकदा लागून गेली की रिकाम्या कॉटची वाट बघत बसावं लागतं.