ब्रॉन्कोसचा २०२२ चा हंगाम नेमका कोणी घालवला?

डेन्व्हरच्या दक्षिणेकडील उपनगरात एका कॉफीच्या दुकानाबाहेरच्या बाकांवर रविवारी सकाळी आम्हा मराठी मंडळींचा कट्टा भरतो, आणि तेथे ब्रॉन्कोस या एनएफएल लीगमधल्या डेन्व्हरच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा विषय निघाला की गाडी हमखास २०२२ सालावर येते. सतरापैकी बारा सामने गमावलेल्या त्या संघाच्या अपयशाचे माप नॅथॅनिएल हॅकेट या नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या पदरात घालायचे की रसेल विल्सन या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या), यावर या वेळी कडाक्याचा वाद झाला.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका हॅकेट यांना माफ करायला मुळीच तयार नव्हते. "मुख्य प्रशिक्षकाचे खरे काम सामना चालवणे हे असते आणि नेमके तेच त्यांना जमले नाही," असे म्हणून त्यांनी पहिल्याच सामन्याचा शेवट पुढे ठेवला. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिअ‍ॅटलमध्ये डेन्व्हर १७-१६ असा एका गुणाने मागे होता. चौथ्या डाउनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या संधीला, पाच यार्ड हवे होते, चेंडू सिअ‍ॅटलच्या ४६ यार्डांवर होता, घड्याळ थांबवण्याचे तिन्ही टाइम-आउट शिल्लक होते आणि घड्याळात सुमारे ६४ सेकंद उरले होते. तरीही हॅकेट यांनी घड्याळ २० सेकंदांपर्यंत पळू दिले आणि विल्सनवर विश्वास टाकण्याऐवजी ब्रँडन मॅकमॅनसला ६४ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून चेंडू मारून मिळणारे तीन गुण, मारायला पाठवले. लीगच्या इतिहासातला सर्वांत लांबचा फील्ड गोल तेव्हा ६६ यार्डांचा होता. चेंडू डावीकडून बाहेर गेला, आणि आपण चौथा डाउन खेळायला हवा होता हे हॅकेट यांनी दुसऱ्या दिवशी मान्य केले.

आमच्यातल्या तरुण मित्राने मध्येच आठवण करून दिली की त्याच सामन्यात धावपटूंनी एका यार्डावरून दोनदा चेंडू गमावला होता आणि त्याचा दोष प्रशिक्षकावर टाकता येत नाही. ते खरेच आहे. परंतु काकांचा पुढचा मुद्दा अधिक वजनदार होता: पुढच्या रविवारी ह्यूस्टनविरुद्ध घरच्या मैदानावर, खेळी सुरू करण्याची मुदत संपत आली की प्रेक्षकच उरलेले सेकंद मोठमोठ्याने मोजू लागले, कारण आपल्या संघाला वेळेत रचना लावता येत नाही हे वरच्या रांगांतूनही दिसत होते. त्यानंतर सामन्यातील निर्णयांसाठी जेरी रॉसबर्ग या निवृत्त प्रशिक्षकाला मदतीला आणावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये खेळी ठरवण्याचे कामही सहायक प्रशिक्षक क्लिंट क्युबियाक यांच्याकडे गेले. मुख्य प्रशिक्षकाकडे मग उरले काय, हा काकांचा प्रश्न होता.

वहिनींनी तो प्रश्न त्यांच्यावरच उलटवला. "काका, काम दुसऱ्याकडे गेल्यावर गुण वाढायला हवे होते ना? क्युबियाक यांच्या पहिल्या तीन सामन्यांत १६, १० आणि ९ गुण झाले." त्यांचे म्हणणे असे की मर्यादा विल्सनच्या होत्या. त्याने त्या हंगामात १६ टचडाउन पास (सहा गुण मिळवून देणारे) दिले, ११ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले आणि ५५ वेळा तो चेंडूसह पाडला गेला. संपूर्ण हंगामात संघाने २८७ गुण केले, म्हणजे सामन्याला सतराही नाहीत, आणि लीगमध्ये याहून कमी कोणाचेच नव्हते. यावर काका म्हणाले की नवे मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांच्या हाताखाली पुढच्याच वर्षी त्याच विल्सनने २६ टचडाउन पास दिले आणि ८ गमावले, तेव्हा फरक प्रशिक्षकाचाच. वहिनींनी शांतपणे सांगितले की त्याच पेटन यांनी त्याला शेवटचे दोन सामने बाहेर बसवले आणि मार्च २०२४ मध्ये क्लबने साडेआठ कोटी डॉलरांचा भार सोसून त्याला मोकळे केले.

मला स्वतःला सर्वांत जास्त वाईट वाटते ते बचावफळीचे. पहिल्या नऊ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याने वीस किंवा अधिक गुण केवळ एकदाच, रेडर्स या संघाविरुद्धच्या सामन्यात, केले. तरी त्यांपैकी सहा सामने डेन्व्हर हरला. इंडियानापोलिसकडून १२-९ असा पराभव झाला तेव्हा दोन्ही संघांना एकही टचडाउन करता आला नाही आणि जादा वेळ सुरू होण्याआधीच लोक उठून घरी निघाले. कॅरोलायनातील सामन्यात बचावफळीचा माइक पर्सेल मैदानाच्या कडेला विल्सनवर सर्वांसमक्ष ओरडला, त्यामागे हीच साचलेली चीड असावी असे मला वाटते. नाताळच्या दिवशी रॅम्स संघाकडून ५१-१४ अशी धूळधाण झाली आणि दुसऱ्या दिवशी हॅकेट यांना काढण्यात आले.

तरीही माझ्या मते मूळ चूक त्याआधीची आहे. कधीही मुख्य प्रशिक्षक नसलेल्या माणसाला जानेवारीत नेमले, मार्चमध्ये पहिल्या व दुसऱ्या फेरीचे प्रत्येकी दोन ड्राफ्ट हक्क (नवे खेळाडू निवडण्याचे) आणि तीन खेळाडू देऊन विल्सनला आणले, ऑगस्टमध्ये मालक बदलले, आणि या सर्वांनी एकत्र एकही सामना खेळण्याआधी विल्सनशी पाच वर्षांचा २४.५ कोटी डॉलरांचा नवा करार केला. हंगामपूर्व सामन्यांत त्याला एकदाही उतरवले नाही. म्हणजे प्रशिक्षकाची आणि क्वार्टरबॅकची खरी ओळख सिअ‍ॅटलच्या गोंगाटात, गुण मोजले जात असताना झाली.

काकांना हे पटले नाही. महाव्यवस्थापक जॉर्ज पेटन तेव्हाही तेच होते आणि २०२४ मध्ये बो निक्स या नवख्या क्वार्टरबॅकला घेऊन १०-७ अशी कामगिरी झाली तेव्हाही तेच, मग दोष त्यांचा कसा, असे त्यांनी विचारले. मी एवढेच म्हणालो की निक्सला त्या ऑगस्टमध्ये हंगामपूर्व सामन्यांत खेळवून पाहिले आणि मगच संघ त्याच्या हाती दिला. त्यावर वहिनींनी मान डोलावली; काका मात्र त्या ६४ यार्डांवरच ठाम राहिले.