तोडलेले झाड इथे, लावलेले कुठे?

पुण्यात गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे काढण्याचा वाद न्यायालयात गेला. तेव्हापासून तिकडच्या मित्रांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "तुमच्याकडे नाही बुवा असं होत." मी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात राहतो, आणि या विषयात इंग्लंडचे कौतुक करायला याहून गैरसोयीचे शहर सापडणे कठीण आहे.

शेफील्ड महापालिकेने २०१२ मध्ये रस्तेदुरुस्तीचा २५ वर्षांचा ठेका एका खासगी कंपनीला दिला. शहरात रस्त्याकडेची झाडे सुमारे ३६,००० होती आणि त्यांपैकी १७,५०० काढून त्यांच्या जागी नवी लावण्याचा आकडा करारातच लिहिलेला होता. नागरिकांना तो कळायला कित्येक वर्षे लागली. १७ नोव्हेंबर २०१६ रोजी भल्या पहाटे, अंधारातच, रस्टलिंग्ज रोडवरच्या घरांची दारे ठोठावून लोकांना गाड्या हलवायला लावल्या गेल्या आणि पोलिसांच्या बंदोबस्तात आठ झाडे पाडली गेली. विरोधाला उभ्या राहिलेल्या सत्तरीतल्या दोन महिलांना अटक झाली. इंग्लंडमधल्याच प्लिमथ शहरात तर मार्च २०२३ मध्ये भर वस्तीतल्या 'आर्मडा वे' या रस्त्यावरची शंभरहून अधिक झाडे एका रात्रीत तोडली गेली आणि न्यायालयाचा मनाई हुकूम येईपर्यंत थोडीच उरली होती. ऑक्टोबर २०१९ मधली मुंबईच्या आरे वसाहतीतली झाडतोडीची रात्र ज्यांना आठवते, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. करवती रात्री चालवण्याची युक्ती कोणा एका देशाची मक्तेदारी नाही.

फरक आहे तो त्यानंतरच्या घडामोडींत. प्लिमथच्या महापालिकेतील सत्ताधारी नेत्याला त्याच महिन्यात पायउतार व्हावे लागले. शेफील्डमधली तोड २०१८ मध्ये थांबली आणि सर मार्क लोकॉक यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. महापालिकेने लोकांची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केली, असे त्यात स्पष्ट लिहिले होते आणि पुढे महापालिकेला जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडे मात्र न्यायालयाचा निकाल लागला की विषय संपतो. निर्णय कोणी, कोणत्या कागदाच्या आधारे घेतला याची उलटतपासणी क्वचितच होते.

तरीही कायदा पाहिला तर आपली बाजू बरीच भक्कम आहे. महाराष्ट्रात शहरी भागातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, वृक्ष प्राधिकरण आहे, हरकती मागवायची तरतूद आहे. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेचे झाड तोडण्यापूर्वी लोकांना विचारण्याचे बंधन स्थानिक प्रशासनावर आले ते थेट ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि तेही मुख्यतः शेफील्डच्या बदनामीमुळे. आपली अडचण अंमलबजावणीची आहे. खोडाला खिळ्याने ठोकलेला नोटिशीचा कागद दोन पावसांत लगदा होतो, हरकतींची सुनावणी उरकली जाते आणि तोवर रस्त्याची निविदा निघालेलीसुद्धा असते.

शेफील्डमध्ये तोड थांबल्यानंतर जे काम झाले, ते मात्र आपल्या अभियंत्यांनी जवळून पाहण्यासारखे आहे. मुळांनी पदपथ उचलला म्हणून जी झाडे यादीत होती, त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत कडेचा दगडच मुळाच्या आकाराप्रमाणे घासून पातळ केला गेला, काही ठिकाणी तो काढूनच टाकला आणि खोडाभोवती लवचिक फरसबंदी केली. असे दगड आज चालताना सहज दिसतात : एका बाजूला सरळ, मध्येच मुळाला वाट देण्यापुरते खोलगट. असे उपाय तोड थांबण्याआधीही महापालिकेच्या कागदांवर होते. वापरले गेले नव्हते, इतकेच. आपल्याकडे याच्या उलट, पदपथाचे काम निघाले की बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते आणि चार-सहा वर्षांनी तेच झाड धोकादायक ठरते.

काही झाडे काढावीच लागतात, हे मान्य केले पाहिजे. पोकळ झालेला गुलमोहर पावसाळ्यात माणसावर कोसळतो तेव्हा वृक्षप्रेमाची भाषा कोणाच्या उपयोगाची नसते. प्रश्न त्या झाडाच्या जागी काय येते, याचा आहे. १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी झाडे लावायची आणि सात वर्षे जपायची, असा नियम केला. साठ वर्षांच्या वडाला साठ रोपे. ऐकायला मोठे उदार वाटते. पण शहराच्या मध्यभागी साठ रोपांना जागा कुठून येणार? म्हणून ती गावाबाहेरच्या एखाद्या टेकडीवर जातात, आकडा पूर्ण होतो आणि ज्या पेठेतली सावली गेली तिथल्या भाजीवालीच्या डोक्यावर छत्रीच उरते. इंग्लंडमध्ये बहुधा एकाला एकच झाड मिळते, तेही काठीएवढे. पण ते त्याच रस्त्यावर येते. संख्येत आपण पुढे आहोत आणि जागेत फार मागे, असे माझे मत झाले आहे.

पैशाच्या मोजमापाबद्दलही तसेच म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने झाडाची किंमत त्याच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती. लंडनमध्ये बर्कली स्क्वेअर या चौकातल्या एका प्लेन वृक्षाची (चिनारच्या जातीचे झाड) किंमत २००८ मध्ये साडेसात लाख पौंड ठरली होती. असे आकडे वर्तमानपत्रांना आवडतात. रस्त्याचे अंदाजपत्रक तयार होतानाच ते खर्चाच्या रकान्यात धरले, तर रस्त्याची आखणी बदलू शकते. झाड पडल्यानंतर जाहीर केले तर ती फक्त पाडलेल्या झाडाची पावती होते.

म्हणून पुण्यातल्या मित्रांनी हरकत नोंदवताना 'झाडे वाचवा' इतकेच लिहू नये. बदली झाड नेमके कोणत्या खांबाजवळ लागणार, त्याला पदपथाखाली माती किती मिळणार आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कोणाच्या खर्चाने येणार, हे नोटिशीतच छापून मागावे. उत्तर आल्याशिवाय परवानगी देऊ नये, असा आग्रह वृक्ष प्राधिकरणाच्या सुनावणीत धरता येतो आणि त्यासाठी इंग्लंडचा दाखला द्यायचीही गरज नाही.