हनिमूनला दहा माणसं लागतात

आम्ही ज्यू. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. हे कळलं की ऑफिसातले लोक हेव्याने म्हणतात, "मग काय, तुमचं बरंय. वाटेल तेव्हा उरका!" यांना कोण सांगणार? शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या विश्रांतीच्या दिवशी लग्न नाही, सणाला नाही, पासोव्हरच्या सणानंतरचे काही आठवडे नाही, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुखवट्याचे तीन आठवडे नाही. जे दिवस उरतात त्या दिवशी हॉल रिकामा नसतो. मंगळवार मात्र आम्हाला शुभ, कारण सृष्टी घडवताना देवाने तिसऱ्या दिवशी "चांगलं झालं" असं दोनदा म्हटलं. पण मंगळवारी ठाण्याला कोण येणार? देवाला रजा काढायची नव्हती. आम्ही रविवार धरला.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचं गलबत फुटलं म्हणतात. वाचले त्यांनी तेलाचे घाणे टाकले, शनिवारी ते बंद ठेवले म्हणून 'शनवार तेली' हे नाव मिळवलं आणि गावापुढे 'कर' लावून आडनावं करून घेतली. त्यामुळे लग्नातलं इथलं बरंच काही आमच्याकडे असतं: मेंदी, हिरवा चुडा, मंगळसूत्र. शिवाय मालिदा. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि ताटाभोवती फळं. एलियाहू हानाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन तो वाटला की मग पुढच्या कामाला हात लावायचा.

लग्न ठाण्याच्या शआर हाशामायिम सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात लागलं. १८७९ सालची वास्तू, छत उंच, आवाज घुमतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्यात नवरी आत येताना नवरदेवाला गावं लागतं. इतरांचा नवरदेव नुसता उभा राहून घामाघूम होतो, आमचा सुरात घामाघूम होणं अपेक्षित असतं. पांढऱ्या साडीतली बायको एकेक पाऊल टाकत येत होती आणि मी 'योनाती झिव' हे लग्नातलं हिब्रू गीत म्हणत होतो. मधल्या चढ्या जागी तिचं पाऊल थबकलं. ती भारावली असं मी धरून चाललो होतो. वर बायकांच्या गॅलरीतून आईचा आवाज आला, "खालच्या पट्टीत घे रे!"

ऑफिसातली मंडळी डोकी झाकून बसली होती. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या डोक्यावर क्रिकेटची टोपी, आणि आमच्या साहेबांनी चक्क मंकीकॅप आणली होती. सगळ्यांच्या मुठीत घरून आणलेल्या अक्षता. त्या टाकायच्या कधी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, वाचायला घेतला. बायकोला अन्नवस्त्र देईन, उद्या फारकत झाली तर अमुक रक्कम देईन, हे सगळं त्यात साक्षीदारांच्या सहीने लिहिलेलं असतं. अकाउंट्सवाल्या मित्राने मागून विचारलं, "हप्त्याने चालते का?" शेवटी मी काचेचा पेला फोडला. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आनंदाच्या क्षणीही विसरू नये, म्हणून हा पेला फोडतात. आवाज ऐकताच आमच्या लोकांनी "माझल टोव्ह", म्हणजे अभिनंदन, म्हटलं, ऑफिसवाल्यांना हीच ती वेळ वाटली आणि "सावधान!" म्हणत त्यांनी सगळ्या अक्षता एकदम सोडल्या. चिकन बिर्याणीनंतर आइस्क्रीम का नाही, हे त्यांना समजावण्यात माझं निम्मं रिसेप्शन गेलं. मांसासोबत दूध नाही, एवढं साधं आहे. साहेब म्हणाले, "मग आधी आइस्क्रीम ठेवायचं!"

इथवर सगळं सुखाचं होतं. छळ पुढे आहे.

लग्नानंतर सात दिवस नव्या जोडप्याला रोज कुणीतरी जेवायला घालायचं आणि जेवणानंतर लग्नातले सात आशीर्वाद पुन्हा म्हणायचे, अशी रीत आहे. त्याला दहा ज्यू पुरुष लागतात. शिवाय त्यांतला निदान एकजण आधीच्या जेवणांना नसलेला, ताजा हवा. आमच्या घरात हे इतकं काटेकोर कधी कुणी पाळलं नव्हतं. पण इस्रायलमधल्या दिमोना गावच्या मावशीने व्हिडिओ कॉलवर सूत्रं हाती घेतली. ती रोज रात्री पडद्यावर माणसं मोजायची. "तो कोपऱ्यातला कालही होता. नवा कोण?" मंगळवारी नऊजण जमले आणि ताजा दहावा घोडबंदर रोडवर अडकला. बटाट्याची भाजी तीनदा गरम झाली. बायको माझ्या कानात म्हणाली, "परवा विमानात बसलो की सुटलो."

आमच्या लोकांनी हनिमूनला परदेशी जरूर जावं, फक्त मावशी नसलेल्या देशात जावं. आम्ही निघालो होतो इस्रायलला. तांबड्या समुद्राकाठी एलातला हॉटेल, पैसे परत न मिळणारं. पण आमच्या माणसाने इस्रायलला हनिमूनसाठी जाणं म्हणजे नागावच्या माणसाने अलिबागला जाण्यासारखं. अश्दोदला काका, लोदला आत्या, बीरशेब्याला चुलत चुलते आणि दिमोनाला मावशी.

विमानात बसण्याआधीच्या चौकशीत आम्हा दोघांना वेगवेगळं उभं केलं. "कुठे भेटलात?" मी म्हटलं, "नातेवाइकांच्या घरी." बायकोने सांगितलं, "व्हॉट्सॲपवर." दोन्ही खरं होतं, मावशीने फोटो पाठवला होता. "बॅग कुणी भरली?" आता काय सांगू? मी भरली, आईने रिकामी करून भरली, सासूबाईंनी कपडे काढून त्यात पोहे भरले. "कुणी काही न्यायला दिलंय?" चौकशी करणाऱ्या मुलीला वाटलं असेल, हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल. मी बॅगच उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये कोंबून, दोन-दोन रबरबँड लावलेली पुडकी आणि प्रत्येकावर बॉलपेनने आईचं अक्षर: 'दिमोना, गोडा मसाला', 'अश्दोद, तिखट', 'लोद, कमी तिखट (अल्सर)'. तिने एक पुडकं हुंगलं आणि जोरात शिंकली. मग आणखी दोघांना बोलावून त्यांनाही हुंगायला दिलं.

शुक्रवारी सकाळी उतरलो. एलातची बस काढून ठेवली होती. दाराशी मावशीचा मुलगा गाडी घेऊन हजर. "फक्त चहा," तो म्हणाला. दिमोना वाटेतच आहे, हेही खरं. चहा झाला, पोहे झाले, मग मावशीला एकेका पाहुण्याचं लग्नात काय काय झालं ते ऐकायचं होतं. फेब्रुवारीतला दिवस तो. शुक्रवारी तिथे दुपारीच बसगाड्या बंद होतात, त्या थेट शनिवारी अंधार पडल्यावर सुटतात. घड्याळाकडे बघून मी उठलो, तर मावशी मेणबत्त्या मांडत म्हणाली, "आता कुठे जाता बाळांनो? आणि सात दिवस कुठे संपलेत?"

मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, गॅलरीतून हाक मारली. ठाण्यात ज्यासाठी आठवडाभर फोन करावे लागले होते, ते दिमोनाच्या त्या इमारतीत पाच मिनिटांत जिना चढून आलं. दहा नाही, चौदा पुरुष. "यातला नवा कोण?" मी रागानेच विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "आज नवा लागत नाही. शब्बाथ हाच नवा पाहुणा." या घरात लग्नविधीत काटकसर चालत नाही, याला कारण आहे. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं, की बेने इस्रायली माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. त्याविरुद्ध आमचे लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये माघार घ्यावी लागली. काकांचे वडील त्या धरण्यात बसले होते. अशा माणसाच्या घरात "आम्हाला जरा लवकर झोपायचंय" हे कोणत्या तोंडाने म्हणणार?

मावशीने आम्हाला स्वतःची खोली दिली. शब्बाथला दिवा लावायचा नाही तसा विझवायचाही नाही, म्हणून घरातले दिवे टायमरवर असतात. बाहेरच्या खोलीतला अकराला आपोआप गेला. आमच्या खोलीला टायमर नव्हता. पाहुण्यांना परक्या घरी अंधारात ठेच लागू नये म्हणून मावशीने प्रेमाने ट्यूबलाइट चालू ठेवली होती. चार फुटी, पांढरीधोप, पलंगाच्या बरोबर वर. तिच्या उजेडात भिंतीवरचे सगळे पूर्वज आमच्याकडे बघत होते. उशाशी इस्रायलमधल्या आमच्या लोकांच्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचे जुने अंक होते, ते आम्ही दोघांनी पहाटे तीनपर्यंत वाचून काढले. बायकोने शेवटी मेंदीचे दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "पुढचा हनिमून खंडाळ्याला."

दुपारी पुन्हा जेवण आणि पुन्हा सात आशीर्वाद. एव्हाना मला ते पाठ झाले होते. तिन्हीसांजेनंतर आकाशात तारे दिसले, शब्बाथ संपवणारा हवदाला हा विधी झाला आणि आम्ही बॅगा घेऊन अक्षरशः पळालो. रात्रीच्या बसमध्ये मागची सीट मिळाली. बाहेर नेगेवचं वाळवंट, काळंकुट्ट. आत दिवे बंद. बायकोने खांद्यावर डोकं टेकलं. ओळखीचं कुणी नाही, आवाज नाही, ट्यूबलाइट नाही.

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"ठाण्याचे ना रे तुम्ही?" तो मराठीत ओरडला. "दिमोनाच्या मावशीचा फोन होता. डबा खाल्ला का, विचारतेय!"