प्रॉपर्टीजमध्ये २ टीबी दिसलं म्हणजे ड्राइव्ह अस्सल? अजिबात नाही

लग्नसराई आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. ऑनलाइन घेतलेली एसएसडी (डेटा साठवायची बाहेरची ड्राइव्ह) लॅपटॉपला जोडा. प्रॉपर्टीजमध्ये २ टीबी दिसलं, फॉरमॅट झाली, हाताला जड लागली, रेटिंग ४ च्या वर असलं, तर माल ओरिजिनल. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर डुप्लिकेट. आणि फसलात तर सोडून द्या, विक्रेता दिल्लीचा, तिथं कोण केस करत बसणार?

प्रॉपर्टीजमधला आकडा विंडोज स्वतः मोजत नाही. ड्राइव्हचा कंट्रोलर, म्हणजे आतली कारभार बघणारी चिप, सांगेल तो दाखवतं, आणि नकली मालात नेमकं त्याचंच फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) बदललेलं असतं. आत बहुधा ६४ जीबीचं साधं मेमरी कार्ड. क्विक फॉरमॅटही काही सिद्ध करत नाही. ते थोड्याशा नोंदी लिहितं, उरलेल्या जागेला हातच लावत नाही.

घात पुढं होतो. ६४ जीबी भरल्यावरही एरर येत नाही. काही ड्राइव्ह नवा डेटा जुन्यावरच लिहितात, काही नुसता गिळतात. सौंदत्तीच्या जत्रेत लॉजवाल्यानं एकाच खोलीच्या तीस पावत्या फाडाव्यात, तसं. फाइलींची नावं, साइज सगळं जागच्या जागी दिसतं. हळदीचं शूटिंग उघडायला गेल्यावर कळतं, आणि तोवर कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या लग्नात वापरलेलं असतं.

म्हणूनच रेटिंगला अर्थ नाही. पाच स्टार देणारे खोटारडे नसतात. त्यांनी ड्राइव्ह जोडली, २ टीबी पाहिलं, चार गाणी टाकली, खूश झाले.

वजनाचं तर विचारूच नका. २०११ साली रशियातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं चीनहून आणलेली ५०० जीबीची हार्ड डिस्क आली. उघडली तर आत १२८ एमबीचा पेनड्राइव्ह आणि वजनाला दोन नट!

९३१ चा सल्ला मात्र उलट नुकसान करणारा. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज हजाराऐवजी १०२४ च्या हिशेबानं मोजतं, म्हणून ९३१ दिसतात. मॅकवर तीच ड्राइव्ह १ टीबी दिसेल. यापायी चांगला माल परत जायचा.

खरी परीक्षा एकच: ड्राइव्ह पूर्ण भरा आणि भरलेलं परत वाचा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३, दोन्ही फुकट. आधी ड्राइव्ह रिकामी करा. लिहून झाल्यावर काढून परत जोडा, मग वाचा. यूएसबी २ च्या वेगानं २ टीबी लिहायलाच अठरा-एक तास जातात, तेव्हा लाइटचा भरवसा बघून लावा. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह ५७६ ठिकाणी नमुना तपासतं. रिटर्नची मुदत संपायच्या आत हे उरका. वापरलेली हार्ड डिस्क नवी म्हणून गळ्यात मारली असेल, तर ती यातून सापडणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

राहिली दिल्ली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला बेळगावातच. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, बिल आणि टेस्टच्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवून.