‘गरिबी डोक्यात असते’ म्हणणाऱ्यांनी उसाचं बिल थकलेल्या घरी जाऊन यावं

‘श्रीमंतांचे ७ नियम’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मी दुर्लक्ष केलं असतं, पण तो वाचून माझ्या आत्याने घरखर्चाची वही लिहिणं बंद केलं. कारण नियम चौथा : ‘हिशेब ठेवणं ही दरिद्री मानसिकता. बिल आलं की हसून धन्यवाद म्हणा, पैसा परत येतो.’

बिलाला धन्यवाद म्हणा नाहीतर ओवाळा, व्याज लागायचं ते लागतंच. क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असं धरा. महिन्याचं व्याज झालं १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५. तुम्ही पाच टक्के, म्हणजे २,५०० भरून मोकळे झालात, तर मुद्दल फिटलं फक्त ४३५ रुपयांनी! हे हसून कळत नाही, वहीत मांडलं की कळतं.

मन पैशाच्या आड येतं, एवढं मात्र खरं. झालेल्या फायद्यापेक्षा तेवढाच तोटा माणसाला जास्त बोचतो, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं. पडलेला शेअर आपल्याला विकवत नाही तो त्यामुळेच. पण मन असं दगा देतं म्हणूनच तर वही हवी ना?

आता नियम पहिला, ‘गरिबी खिशात नसते, डोक्यात असते.’ २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा अभ्यास आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधीचे निकाल स्पष्टपणे खराब होते. माणूस तोच, डोकं तेच. बदलला होता खिसा. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण फॉरवर्डकडे तर तेवढाही नाही. आपल्याकडे ऊस तुटल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा नियम आहे. तो किती पाळला जातो ते ऊसवाल्यांना विचारा, आणि मग त्यांना मानसिकता शिकवा.

‘मार्शमेलो न खाता थांबलेली मुलं पुढे यशस्वी झाली’ हा तिसरा नियम. मुलांपुढे मार्शमेलो ही गोड मिठाई ठेवायची आणि न खाता थांबलास तर आणखी एक मिळेल म्हणायचं, अशा जुन्या प्रयोगातून तो आला. २०१८ मध्ये तोच प्रयोग जास्त मुलांच्या माहितीवर तपासला गेला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या थांबण्याचा पुढच्या यशाशी संबंध फारसा उरला नाही. बाकी लाल पाकीट, पहाटे आरशात ‘मी श्रीमंत आहे’ वगैरे. त्यात वेळ घालवत नाही.

आणि हो, हा फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर टाकणाऱ्या काकांचं पेन्शन दर महिन्याला न चुकता खात्यात जमा होतं.